भेसळ नव्हे, प्रयोग

बारडोली म्हटले की 1928 चा सत्याग्रह आणि वल्लभभाई पटेल आठवतात. दागिने कुणाला आठवत नाहीत. पण उधन्याहून निघून बारडोली, व्यारा, नवापूर, नंदुरबार, अमळनेर अशी गावे घेत जळगावला पोचणारा तापी खोऱ्यातला लोहमार्ग नकाशावर पाहावा. जेमतेम तीनशे किलोमीटरच्या या वाटेवर दागिना कशाचा असावा या प्रश्नाची तीन उत्तरे मिळतात. पश्चिमेला सुरत आहे. तिथे जगातल्या बहुतेक हिऱ्यांना पैलू पडतात आणि आता प्रयोगशाळेत हिरे वाढवलेही जातात. पूर्वेला सुवर्णनगरी म्हणून मिरवणारे जळगाव आहे. तिथे दागिन्याचे मोल आधी कसावर आणि मग काट्यावर ठरते. मधल्या पट्ट्यात चौधरी, गामित, वसावा, हळपती, भिल्ल, मावची अशा समाजांची वस्ती आहे. इथल्या जुन्या दागिन्यांत कथील, पितळ, चांदी आणि काचमणी एकत्र नांदत. आज शहरांतल्या प्रदर्शनांत खणाच्या कापडाची कर्णफुले, बांबूचे डूल, राळेत गोठवलेली फुले आणि काळवंडवलेल्या चांदीचे हार दिसू लागले, की मराठी घरांतून पहिला प्रश्न येतो तो जळगावचा: यात सोनं किती? प्रश्न अडाणीपणाचा नाही. मात्र त्यात एक गफलत दडलेली आहे. सोन्याखेरीज दागिन्यात जे काही शिरेल ती भेसळ, असे तो गृहीत धरतो. आपल्या परंपरेतले उत्तम दागिने नीट तपासले तर उलटेच दिसते. ते दुसऱ्या द्रव्याच्या आधारानेच उभे आहेत. म्हणून प्रयोग कोणता आणि भेसळ कोणती हे ओळखण्याची कसोटी आधी हाताशी हवी.

ती कसोटी बोरमाळेपासून सुरू करता येईल. बोरमाळेचा मणी सोन्याचा दिसतो. पण तो बहुधा पोकळ असतो आणि आत लाख भरलेली असते. यामागचा हिशेब सोपा आहे. आठ मिलिमीटर व्यासाचा भरीव मणी 22 कॅरट सोन्यात केला, तर एकेक मणी पावणेपाच ग्रॅमच्या आसपास भरेल आणि पन्नास मण्यांच्या माळेला जवळपास 240 ग्रॅम सोने लागेल. तोच मणी मिलिमीटरच्या दहाव्या हिश्श्याएवढ्या पातळ पत्र्याचा केला, तर त्यात अर्धा ग्रॅमही सोने जात नाही. अख्खी माळ वीस ग्रॅमच्या आत बसते. पण इतका पातळ पत्रा बोटाने दाबला तरी चेपतो. तिथे लाख कामाला येते. ती थोड्याशा उष्णतेने मऊ होते, पोकळीत सगळीकडे पसरते आणि निवली की पत्र्याला आतून टेका देते. कोल्हापुरी साजातले मणी, गोठ, कितीतरी जुने अलंकार याच युक्तीवर उभे आहेत. लाखेने इथे सोन्याचे सोंग घेतलेले नाही. जे काम सोन्याला परवडणारे नव्हते, ते तिने पत्करले आहे. आणि ती आत आहे हे सोनाराला, गिऱ्हाइकाला, मोडीला दागिना घेणाऱ्यालाही ठाऊक असते; मोड घेताना लाखेचे वजन वजा होते. परीक्षा या दोनच. नवे द्रव्य आपल्या अंगच्या गुणाने काही भर घालते का? आणि ते उघडपणे सांगितलेले आहे का? दोन्हींचे उत्तर होय असेल तर तो प्रयोग. पहिल्याचे नाही असेल तर ती नुसती नक्कल. दुसऱ्याचे नाही असेल तर ती भेसळ.

द्रव्याइतकेच महत्त्व त्याच्या पोताला, म्हणजे पृष्ठभागाच्या खरखरीत-गुळगुळीतपणाला आहे. सोन्याचा सपाट, चकचकीत पत्रा एकाच दिशेने उजेड परतवतो आणि त्यावर पहिल्याच महिन्यात ओरखडे दिसू लागतात. त्याच पत्र्यावर बारीक रवे बसवले, तर प्रत्येक रवा स्वतंत्र उजेड पकडतो आणि खोलगट जागी सावली राहते. थोडक्या सोन्यात दागिना भरगच्च दिसतो, तो यामुळे. रवा करण्याची जुनी रीत पदार्थाच्या स्वभावावरच बेतलेली आहे. सोन्याचे बारीक तुकडे कोळशाच्या भुकटीत पसरून तापवले, की वितळलेला प्रत्येक कण पृष्ठताणामुळे आपोआप गोल होतो. हातोडीने किंवा कानशीने इतका लहान आणि इतका नेमका गोल कुणाला घडवता येणार नाही. ठुशीत हेच तत्त्व गाठवण्यातून साधते. बारीक मणी इतके दाटीने ओवले जातात की गळ्याशी सोन्याचा दाणेदार पट्टा तयार होतो, आणि तरी तो गळ्याच्या वळणाबरोबर वळतो. कोल्हापुरी साजात एकवीस पाने सांगतात: दहा दशावतारांची, आठ अष्टमंगलांची, दोन माणिक-पाचूची आणि एक डोरल्याचे. प्रत्येक पानाचा उठाव वेगळा, आणि दोन पानांमध्ये मण्यांची सपाट विश्रांती. घडवणाऱ्याने पोतांची ही अदलाबदल विचारपूर्वक केली आहे. आजचा कारागीर चांदीच्या पत्र्यावर ठोकाईच्या खुणा मुद्दाम राखतो, किंवा गंधकयुक्त द्रावणाने खाचा काळवंडवून उंचवटे उजळतो, तेव्हा तो त्याच वाटेवर पुढे चालत असतो.

धातू सोडून दगडाकडे वळले तरी साक्ष तीच मिळते, आणि ती बारडोलीहून फार लांब नाही. नर्मदेकाठी भरूच जिल्ह्यातल्या रतनपूरच्या खाणींतून अकीक निघतो. त्याचे मणी खंभातला घडतात. खाणीतून आलेला दगड बऱ्याचदा मळकट पिवळा असतो. तो आधी उन्हात वाळवतात, मग मातीच्या भांड्यांत ठेवून गोवऱ्यांच्या किंवा भुशाच्या मंद आचेत भाजतात. दगडातल्या लोहाच्या संयुगांतले पाणी निघून जाते आणि पिवळा दगड लाल होतो. हा रंग वरून चढवलेला नसतो, तो दगडाच्या आतूनच उमटतो. हडप्पा काळातले कारागीर हे तंत्र जाणत होते. लोथलला मणी घडवण्याची जागा उत्खननात सापडली आहे, आणि सिंधू खोऱ्यातले लांबट लाल मणी मेसोपोटेमियातल्या ऊर इथल्या राजघराण्याच्या कबरींपर्यंत पोचले होते. पुरातत्त्वज्ञ जोनाथन मार्क केनोयर यांनी कुलदीप भान आणि मासिमो विडाले यांच्याबरोबर खंभातच्या आजच्या कारागिरांचे काम बारकाईने अभ्यासले, ते हडप्पाची रीत समजून घेण्यासाठी. साडेचार हजार वर्षांपूर्वीचा कुणी कारागीर आचेचा अंदाज घेत, चार दगड तडकवत हे शिकला असणार. आज आपण ज्याला परंपरा म्हणतो ती अशाच फसलेल्या आणि साधलेल्या प्रयत्नांची गोळाबेरीज आहे.

खुद्द बारडोली-व्यारा-नंदुरबार पट्ट्यातले दागिने या दृष्टीने पाहिले तर त्यांचे ‘हलके’ मानले जाणे किती चुकीचे आहे ते कळते. सोने 1064 अंश सेल्सियसला वितळते, चांदी 962 अंशांना. कथील मात्र 232 अंशांनाच पातळ होते. भट्टी, भाता, मूस असा सगळा सरंजाम नसला तरी साध्या विस्तवावर ते वितळवून साच्यात ओतता येते. गावातल्या गावात, कमी सरपणात, जाडजूड वाळे तयार होते आणि मोडले तर पुन्हा ओतता येते. द्रव्याची ही निवड गरिबीने करायला लावली हे खरे. पण गरिबीने फक्त चौकट दिली, आतली युक्ती माणसांची. सातपुड्यातल्या होळीत तर धातूचीही गरज उरत नाही. अक्कलकुवा तालुक्यातल्या काठीच्या होळीला नवस फेडणारे बावा बुध्या कमरेला वाळलेले भोपळे आणि घुंगरू बांधतात, डोक्यावर मोरपिसांचा टोप चढवतात आणि अंगावर राखेचे ठिपके काढतात. वाळका भोपळा पोकळ आणि हलका असतो, रात्रभर नाचताना कमरेला भार होत नाही आणि हालचालीबरोबर खडखडतो. सोन्याचा कमरपट्टा त्याची जागा घेऊ शकत नाही. द्रव्याचा गुण ओळखून त्याला योग्य जागी लावणे ही प्रयोगाची पहिली परीक्षा. हा भोपळा ती निर्विवाद उत्तीर्ण होतो.

याच्या उलटचे, म्हणजे द्रव्य बदलूनही काहीच न साधल्याचे उदाहरण आपल्या अलीकडच्या इतिहासात आहे. चीन युद्धानंतर जानेवारी 1963 मध्ये सुवर्ण नियंत्रणाचे नियम आले. अर्थमंत्री होते मोरारजी देसाई, तेही दक्षिण गुजरातचेच. चौदा कॅरटपेक्षा शुद्ध सोन्याचे नवे दागिने घडवण्यास बंदी झाली. सोन्याची मागणी घटावी, चोरटी आयात थांबावी, असा हेतू होता. प्रत्यक्षात असंख्य सोनारांचे काम थांबले आणि त्यांच्यावर उपासमारीची पाळी आली, लोकांनी चौदा कॅरटकडे पाठ फिरवली आणि 1966 मध्ये शुद्धतेची अट मागे घ्यावी लागली. 1968 चा सुवर्ण नियंत्रण कायदाही अखेर 1990 मध्ये रद्द झाला. लाखेचा मणी स्वीकारणाऱ्या याच समाजाने चौदा कॅरट का नाकारले? सोन्याचा हव्यास हे उत्तर अपुरे आहे. चौदा कॅरटचे सोने जास्त टणक असते. त्यात बारीक जाळीकाम, नाजूक पकडीचे कोंदण, पातळ पण न वाकणारी तार अशा गोष्टी साधतात; युरोप-अमेरिकेत ते याच गुणांमुळे चालते. इथे मात्र ते जुन्याच घाटांत, जुन्याच पाटल्यांत ओतायला सांगितले गेले. गिऱ्हाइकाच्या हाती तोच दागिना आला, फक्त कस कमी. भर काही नाही, वजाबाकी तेवढी झाली. सोन्याचा दहा ग्रॅमचा भाव एक लाखाच्या पुढे गेल्यावर 2025 मध्ये भारतीय मानक ब्युरोने नऊ कॅरटलाही हॉलमार्कच्या यादीत घेतले आहे. त्याचे भवितव्यही यावरच ठरेल, की सोनार त्यातून नवे घाट काढतात की जुनेच दागिने फिके करून विकतात.

नव्या द्रव्यांच्या या आग्रहावर पहिला आक्षेप येतो तो सर्वांत वजनदार आहे. दागिना ही केवळ हौस नाही, अडीअडचणीची पुंजी आहे. बारडोलीत हा मुद्दा पुस्तकी राहत नाही. इथल्या सहकारी साखर कारखान्यांच्या उसाच्या तोडणीसाठी दर हंगामात खानदेशातून आणि डांगातून कोयता घेऊन येणारी मजूर कुटुंबे उचल घेऊनच घर सोडतात. डच समाजशास्त्रज्ञ यान ब्रेमन यांनी 1970 च्या दशकापासून त्यांच्या जिण्याचा सविस्तर अभ्यास मांडला आहे. कर्जात सुरू होणाऱ्या अशा आयुष्यात बाईच्या पायातली चांदी ही रातोरात पैसा होऊ शकणारी एकमेव वस्तू असते. तिला राळेतल्या फुलांचे कौतुक सांगणे क्रूरपणाचे ठरेल. हा आक्षेप मी पूर्ण मान्य करतो. पण तो काय सिद्ध करतो ते नीट पाहिले पाहिजे. पुंजी म्हणून धातू हवा, हे त्यातून ठरते. प्रत्येक दागिना पुंजीच असला पाहिजे, हे ठरत नाही. किंबहुना पुंजी म्हणून पाहिले तर जड नक्षीचा दागिना हा तोट्याचाच व्यवहार आहे, कारण मोडताना घडणावळ पाण्यात जाते आणि घटही धरली जाते. साठवणुकीसाठी साधे वळे किंवा वेढणी बरी. नक्षीचे पैसे आपण पाहण्याच्या आणि घालण्याच्या सुखासाठी मोजत असतो, आणि ते कबूल करत नाही इतकेच. एकदा ही दोन खाती वेगळी केली, की हौसेच्या खात्यातला पैसा कोणत्या द्रव्यावर खर्चावा हे ठरवायला आपण मोकळे होतो.

दागिन्याचे मोल एकाच मापात बसवण्याची अडचण कायद्यालाही भेटलेली आहे. 23 जून 2021 पासून देशातल्या 256 जिल्ह्यांत सोन्याच्या दागिन्यांना हॉलमार्क टप्प्याटप्प्याने सक्तीचा झाला आणि पुढे त्याची व्याप्ती वाढत गेली. प्रत्येक नगावर सहा अक्षर-अंकांची स्वतंत्र ओळखखूण येऊ लागली. ग्राहकाच्या दृष्टीने ही मोठीच सोय. पण कुंदन, पोलकी आणि जडावाचे दागिने या सक्तीतून वगळावे लागले, कारण ज्यात सोने, लाख, काच आणि खडे एकमेकांत गुंतलेले आहेत, त्याचा एकच कस काढणे अवघड. भारतातली सर्वांत मानाची मानली जाणारी कारागिरी शुद्धतेच्या मापात बसत नाही, ही गोष्ट बोलकी आहे. तिचे मोल धातूत नसून हातात आहे. आणि हाताचे मोल मोजायला आपल्याकडे एकच तोकडे माप आहे, ते म्हणजे ग्रॅममागे किंवा टक्क्याने लावलेली घडणावळ. या मापाने प्रयोगाचे नुकसान होते. वजनावर मजुरी मिळत असेल तर सोनाराने हलका पण किचकट दागिना का करावा? चार ग्रॅमच्या रवेदार कर्णफुलांना चाळीस ग्रॅमच्या साध्या बांगडीपेक्षा अधिक दिवस लागू शकतात, तरी मजुरी तिच्या कितीतरी पट कमी. कारागीर प्रयोग करत नाहीत अशी तक्रार करण्याआधी आपण त्यांना कशाचे पैसे देतो ते तपासायला हवे.

दुसरा आक्षेप फसवणुकीचा आहे: नवी द्रव्ये आली की खोट्याचे फावते. सुरतेचा अनुभव इथे उपयोगी पडतो. सुरतेची जर मूळची चांदीच्या तारेवर सोन्याचा मुलामा देऊन केलेली. पुढे तांब्याची आली, मग प्लॅस्टिकची. तिन्ही आज उघड विकल्या जातात, आणि कोणती कशासाठी हे विणकराला कळते. वाद तेव्हाच होतो, जेव्हा खालच्या प्रतीची जर वरच्या भावाने जाते. प्रयोगशाळेत वाढवलेल्या हिऱ्याचेही तसेच. तो कार्बनच, स्फटिकरचनाही तीच. साध्या डोळ्यांनी फरक कळत नाही. जून 2023 मध्ये पंतप्रधानांनी अमेरिकेच्या तेव्हाच्या अध्यक्षांच्या पत्नी जिल बायडन यांना सुरतेत तयार झालेला साडेसात कॅरटचा असा हिरा भेट दिला, तो प्रयोगशाळेतला आहे हे जाहीर सांगूनच. तोच हिरा खाणीतला म्हणून विकला असता तर तो गुन्हा ठरला असता. वस्तू एकच, सांगण्यात फरक. एक ग्रॅम सोन्याचे किंवा बेंटेक्सचे दागिनेही फसवे म्हणता येत नाहीत. प्रवासात, गर्दीच्या लग्नात ते उपयोगी आहेत आणि त्यांचे नाव सर्वांना ठाऊक आहे. मात्र सोन्यासारखे दिसणे एवढाच त्यांचा गुण असल्याने त्यांना प्रयोग म्हणू नये. फसवणुकीवर उपाय नव्या द्रव्यांना बंदी हा नाही. प्रत्येक द्रव्याचे नाव बिलावर लिहिणे हा आहे.

तिसरा आक्षेप टिकण्याचा. राळ उन्हाने पिवळी पडते, कापड मळते, बांबूला कीड लागते, स्वस्त मिश्रधातूने कानाला खाज सुटते. यातले प्रत्येक वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच प्रयोग म्हणजे वाटेल ते वाटेल त्याला चिकटवणे नव्हे. निकेलमुळे अनेकांच्या त्वचेला त्रास होतो, म्हणून युरोपात अंगाला लागणाऱ्या वस्तूंतल्या निकेलवर कायद्याने मर्यादा आहे. कानात जाणारी तार निदान चांदीची असावी, एवढे पथ्य आपल्या कारागिरांना अवघड नाही. बांबूवर आधी प्रक्रिया करावी लागते हे मेळघाटात लवादा इथल्या संपूर्ण बांबू केंद्रासारख्या संस्थांना नीट माहीत आहे. तिथल्या बांबूच्या राख्या दूरवर पोचल्या आहेत. सुरत आणि तापी जिल्ह्यांतल्या कोटवाळिया समाजाचा तर बांबू हाच पिढ्यानपिढ्यांचा व्यवसाय. किती पातळ चिरला म्हणजे तो मोडण्याऐवजी वळतो, हे त्यांच्या बोटांना कळते. आणि टिकाऊपणाची आपली कल्पनाही थोडी सुधारायला हवी. मोत्यांचा तन्मणी किंवा चिंचपेटी दर काही वर्षांनी पुन्हा गाठवून घ्यावी लागते. लाखेचा मणी कढत पाण्यात बुडवायचा नसतो. मोत्याला अत्तर लागू द्यायचे नसते. जुन्या दागिन्यांना हे सारे आपण आनंदाने करतो. नव्याने मात्र कसलीही निगा न घेता पिढ्यान्‌पिढ्या टिकावे अशी अपेक्षा ठेवतो. दुरुस्त होऊ शकेल असा दागिना घडवणे आणि तो दुरुस्त करून देणे, ही जबाबदारी नव्या कारागिराने घ्यावी, हे मात्र खरे.

उरतो तो यंत्राचा मुद्दा. साचा एकदा तयार झाला की ठोकाईच्या खुणा, रवे, जुनाट काळेपणा हे सगळे हजारोंच्या संख्येने ओतून मिळते. मग हाताने कशाला? पुनरावृत्तीत यंत्र हाताला हरवणार, यात वाद नाही, आणि हुपरीच्या चांदीच्या कामातही यंत्रे आली म्हणून अश्रू ढाळण्याचे कारण नाही. पण यंत्राला नक्कल करायला आधी कुणीतरी पोत शोधून द्यावा लागतो. तो शोध तापलेल्या पत्र्याशी, चिरलेल्या बांबूशी, भाजलेल्या दगडाशी झटापट करूनच लागतो. इथे न्यायाचाही प्रश्न आहे. ‘ट्रायबल’ या नावाखाली शहरांत विकल्या जाणाऱ्या कित्येक हारांचे घाट आदिवासी दागिन्यांवरून उचललेले असतात, आणि ज्यांनी ते शोधले त्यांच्यापर्यंत पैसा किंवा नाव काहीच पोचत नाही. खंभातचा अकीक, सुरतेची जर यांना भौगोलिक मानांकन आहे. त्याने सगळे साधते असे नाही, पण वस्तूचे मूळ गाव नोंदवलेले राहते. घाट उचलायचाच असेल, तर काम निदान त्या वस्त्यांमध्ये जावे.

तेव्हा ‘यात सोनं किती?’ हा प्रश्न सोडू नये. त्याला आणखी तीन प्रश्न जोडावेत. बाकीचे काय आहे? ते तिथे कोणत्या गुणासाठी घातले आहे? आणि बिघडले तर कोण दुरुस्त करील? ज्या विक्रेत्याला यांची उत्तरे देता येत नाहीत, त्याचा दागिना सोन्याचा असला तरी घेऊ नये. ज्या कारागिराला ती देता येतात, त्याच्याशी मजुरीवरून घासाघीस करू नये. बिलात घडणावळ वजनावर न लावता कामाच्या दिवसांवर लावण्याचा आग्रह गिऱ्हाइकानेच धरावा. सोन्याच्या भावाने सामान्य घरांना आता तसाही दुसऱ्या द्रव्यांचा विचार करायला लावलाच आहे. ही वेळ नकलेत घालवायची की लाखेच्या मण्यासारखे काही नवे घडवून घ्यायचे, हे कारागिरापेक्षा पैसे मोजणाऱ्याच्या हातात अधिक आहे.